थकव्याची पेन्सिल

आमच्या मासिकातला 'आधी'चा फोटो नेहमी नंतर काढला जातो. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त वाचणाऱ्या बायकांना कोणी सांगितलेलं नाही.

म्हणजे असं. दर महिन्याला एक बाई निवडायची. डाव्या पानावर तिचा 'आधी'चा फोटो: डोळ्यांखाली काळं, केस पिंजारलेले, तोंड उतरलेलं. उजव्या पानावर 'नंतर'चा: तीच बाई, पण जणू लॉटरी लागलेली. वाचणारीला वाटतं, बाई अशी आली आणि आम्ही तिला तशी करून पाठवली. प्रत्यक्षात बाई येते तीच मुळी नटूनथटून. मासिकात फोटो छापून यायचा म्हटल्यावर पारोशी कोण येईल? केस धुतलेले, ठेवणीतले कपडे, आनंद पोटात मावत नाही. अशा बाईचा आल्या आल्या 'आधी' काढला तर 'नंतर'ला उरणार काय? म्हणून सकाळी ताज्या चेहऱ्यावर 'नंतर' उरकून घ्यायचा, दुकानातून मागून आणलेले कपडे परत पाठवायचे, आणि मग तोंड पुसून 'आधी'ला बसवायचं. केस विस्कटायचे. समोरचे दिवे बंद करून फक्त डोक्यावरचा ठेवायचा. हसू नका म्हणून सांगायचं. चहासुद्धा 'आधी' झाल्यावरच द्यायचा, कारण चहा प्यायलेल्या बाईच्या तोंडावर थोडी तरी तरतरी येतेच.

आणि सगळ्यात शेवटी माझी पेन्सिल. मी या मासिकाची मेकअपवाली. माझ्या पेटीत लाली, पावडर, ब्रश यांच्या गर्दीत एक राखाडी-तपकिरी पेन्सिल असते. डोळ्याखाली एक रेघ, नाकाच्या कडेने एक, ओठाच्या कोपऱ्यातून खाली उतरणारी एक. मग बोटाने पुसून ती पसरवायची. एवढ्यात कोणतीही बाई जन्मात झोपलेली नाही अशी दिसते. ऑफिसात तिला 'थकव्याची पेन्सिल' म्हणतात आणि वर हसतात.

इतकी वर्षं एका मासिकात काढल्यावर माणूस ते वाचायला लागतो, इलाज नसतो. मी वाचते आणि माझं डोकं तापतं. आमच्या अंकात पुरुषाला 'आधी' नसतं. डॉक्टर येतो आणि बायकांनी कसं झोपावं ते सांगतो. वकील येतो आणि बायकांनी काय बोलू नये ते सांगतो. त्यांचा फोटो एकच, टेबलामागे, आले तसे. टक्कल असेल तर टक्कल. बाई मात्र जोडीने येते, एक बिघडलेली आणि एक दुरुस्त. बरं, बिघडली कशाने, ते कुठेही लिहिलेलं नसतं. आमच्याकडे बाई दमते म्हणजे तिची त्वचा दमते. रोजच्या राबण्याने, कोणाच्या टाकून बोलण्याने, बढती हुकल्याने दमलेली बाई आमच्या अंकात आजवर आलेली नाही. कारण त्वचेला क्रीम असतं आणि क्रीमची जाहिरात मागच्या कव्हरवर असते. हुकलेल्या बढतीवर लावायचं क्रीम अजून कोणी काढलेलं नाही.

एकदा बैठकीत मी हे बोलले होते. संपादकबाई म्हणाल्या, "तू ब्रश सांभाळ." मी ब्रश सांभाळला. पण डोकं काही पेटीत बंद करून ठेवता येत नाही.

तर या महिन्याची बाई म्हणून माझी थोरली जाऊ आली, आणि गाडी अडली.

जाऊबाई लिफ्ट दुरुस्त करतात. आम्ही एकाच घरात वरखाली राहतो. थोरले भाऊजी घरीच शिवणकाम करतात, त्यामुळे घर त्यांच्या ताब्यात आहे, आणि खरं सांगायचं तर ते आम्हा दोघींपेक्षा नीट चालवतात. जाऊबाईंचा कामाचा निळा डगला त्यांनीच शिवलेला. रोज रात्री ते त्याला अशी कडक इस्त्री करतात, की सकाळी जाऊबाई निघाल्या की वाटावं, विमान उडवायला चालल्या आहेत.

त्यांच्या कंपनीचा फोरमन निवृत्त व्हायला आला होता. फोरमनचं काम सांगायला सोपं. दुरुस्ती झाली की स्वतः लिफ्टमध्ये चढायचं, वरखाली फिरायचं, आणि मगच आत लावलेल्या तक्त्यावर सही करायची, की ही माणसांना चढायला ठीक आहे. या फोरमनने मात्र आयुष्यभर टेबलावर बसून गठ्ठ्याने सह्या केल्या. आमच्या ऑफिसच्या इमारतीतल्या लिफ्टमध्येही त्याचीच सही आहे. "त्या खोक्यात पाय ठेवू नकोस, ती बसून केलेली सही आहे," असं जाऊबाईंनी मला केव्हाच बजावून ठेवलं होतं. म्हणून मी पेटी खांद्याला अडकवून जिन्याने चढते. गुडघे कुरकुरतात, ऑफिसातले लोक माझी टर उडवतात, पण मी चढते.

त्या जागेवर जाऊबाईंचा डोळा होता. नुसता डोळा नव्हता, हक्क होता. त्यांच्याइतकं जुनं तिथे कोणी नव्हतं. दुसरा उमेदवार म्हणजे एक कारागीर, ज्याला सगळे 'होसाहेब' म्हणतात, कारण मालकापुढे त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही. मालकांचं आपलं तळ्यात मळ्यात. शेवटी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या एका निष्ठावंत वाचकाने, सुचवलं, की बाई फोरमन केली तर मासिकात छापून येईल, कंपनीचं नाव होईल. मालकांना हे पटलं. त्यांनी स्वतः संपादकबाईंना फोन केला आणि जाऊबाईंना सांगितलं, "तुमच्यावर लेख येऊ दे. आला, की नेमणूक जाहीर करतो."

आधी ठरलं होतं 'ओळख'च्या पानांवर: चार प्रश्न, एक फोटो, टेबलामागे नाही तर लिफ्टपुढे. मी खुशीत होते. मग क्रीमवाल्यांचा फोन आला. त्यांना या महिन्यात 'उन्हातान्हात, धुळीत काम करणारी' बाई हवी होती. संपादकबाईंनी जाऊबाईंना उचलून 'आधी-नंतर'वर टाकलं. मथळासुद्धा तयार होता: 'ग्रीसमध्ये हरवलेलं रूप सापडलं!' तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती थेट जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. भाऊजी भाजी चिरत होते, जाऊबाई पाय वर करून बसल्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, पेन्सिलीसकट.

"वहिनी, तुम्ही येऊच नका," मी म्हटलं. "हे छापून आलं, तर कारखान्यातले पुरुष भिंतीवर चिकटवतील. हरवलेलं रूप म्हणून हाका मारतील. उद्या फोरमन म्हणून तुम्ही कोणाला कामात चूक दाखवली, तर तो आधी तुमच्या डोळ्यांखाली बघेल."

"आणि आले नाही तर लेख नाही," जाऊबाई म्हणाल्या. "लेख नाही तर होसाहेब फोरमन. मग ते सगळीकडे बसून सह्या करणार, आणि मी त्यांच्या सह्यांखाली नुसते नटांवर पाने फिरवणार."

"म्हणजे इकडे आड..." भाऊजी सुरू झाले.

"तुम्ही कांदा चिरा," जाऊबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "धाकटे, मी येते. चालवून बघितल्याशिवाय बिघाड कुठे आहे ते कळत नाही."

सकाळी त्या आल्या त्या इस्त्रीच्या डगल्यात, केस घट्ट बांधलेले, हातात स्वतःची हत्यारांची पिशवी. आमचा फोटोवाला उठून उभा राहिला, जे तो संपादकबाईंसाठीही करत नाही. मदतनीस मुलीने रोजच्याप्रमाणे परवानगीचा कागद पुढे केला. त्यावर बाईने सही केली, की आम्ही तिचे फोटो आम्हाला हवे तसे, हव्या त्या मजकुरासकट छापायला मोकळे. बायका त्यावर सकाळी, आल्या आल्या, आनंदाच्या भरात सही करून टाकतात. आजवर एकीनेही वाचलेला मी पाहिला नाही.

जाऊबाईंनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि वरच्या खिशात ठेवला. "काम झालं, की देते," त्या म्हणाल्या. मुलीला वाटलं, म्हणजे दिलाच. ती फाइलवर टिक करून गेली. आमच्या ऑफिसात असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे ते तपासायचं कोणाला सुचलंही नाही.

'नंतर' छान पार पडला. गुलाबी जाकीट, मोकळे केस, गालांवर लाली. मला वाटलं होतं, जाऊबाई कपाळाला आठ्या घालून बसतील. कसलं काय! त्या आरशात बघून मान वाकडी करून हसत होत्या.

"ही लाली कोणती गं? मला दे एक."

"वहिनी, तुम्हाला आवडलं?"

"न आवडायला काय झालं? मला नटायला मनापासून आवडतं. तुझ्या भाऊजींना विचार, लग्नात माझा आरसा सुटत नव्हता. लालीशी माझं भांडण नाही. माझ्या कामाला कोणी रोग म्हणून दाखवलं, तर भांडण आहे."

मी हे ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, हे वाक्य मी बैठकीत म्हणायला हवं होतं.

मग दुपारी 'आधी'. जाकीट परत गेलं. मदतनीस मुलगी एक डगला घेऊन आली, कुठल्याशा गॅरेजमधून मागून आणलेला, ग्रीसचे डाग, एक बाही उसवलेली. जाऊबाईंनी तो दोन बोटांत धरला.

"हा कोणाचा?"

"तुमचा," मुलगी म्हणाली. "म्हणजे, फोटोत."

"असा डगला घालून मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरले, तर ही लोंबती बाही दोरात अडकून माझा हात जाईल. मी काय वेडी आहे? माझा आहे ना इथे, चांगला, स्वच्छ." आणि त्यांनी तो गुंडाळून तिच्या हातात परत दिला आणि आपला चढवला. फोटोवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला खूण केली, की राहू दे.

समोरचे दिवे मालवले. डोक्यावरचा एक राहिला. मी चेहरा पुसायला घेतला, डाव्या बाजूने. लाली गेली, काजळ गेलं, खालची त्यांची रोजची कातडी आली, उन्हाने रापलेली, निरोगी, डोळ्याच्या कोपऱ्यात हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. माझ्या सवयीच्या हाताने पेन्सिल उचलली. डाव्या डोळ्याखाली रेघ, नाकाच्या कडेने रेघ, ओठाच्या कोपऱ्याशी रेघ. बोटाने पसरवलं.

जाऊबाईंचे डोळे मिटलेले होते. "हे काय लावतेस?"

"थकवा," मी म्हटलं.

"कशाचा?"

नुसता साधा प्रश्न. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, जसं एखाद्या यंत्राबद्दल विचारतात. आणि मी उत्तर शोधायला लागले. कामाचा म्हणावं, तर ही बाई कामावरून शीळ घालत घरी येते. घराचा म्हणावं, तर घरी इस्त्री तयार असते. मी कितीतरी बायकांच्या डोळ्यांखाली हा रंग भरला होता. शिक्षिका, नर्स, बँकेत बसणारी एक, चार पोरं वाढवणारी एक. त्या काही दमलेल्या नव्हत्या असं मी म्हणणार नाही. असतील. पण त्या ज्याने दमल्या होत्या, ते आम्ही पुसून टाकत होतो आणि त्या जागी ही रेघ काढत होतो, जी क्रीमने जाते. मला एकदम राग आला. रागाच्या हाताने डोळ्याजवळ काम करायचं नसतं. मी पेन्सिल खाली ठेवली.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"ताई, अर्धाच चेहरा झालाय," फोटोवाला म्हणाला.

"अर्धाच होणार."

"उरलेला मी कंप्युटरवर काळा करू शकतो," तो हळूच म्हणाला. बिचारा माझीच नोकरी वाचवत होता.

जाऊबाईंनी डोळे उघडले आणि आरशात पाहिलं. उजवी बाजू 'नंतर'ची, काजळ आणि गुलाबी गाल. डावी बाजू 'आधी'ची, खोल गेलेला डोळा, ओघळलेला ओठ. मधून नाकावरून सरळ सीमा. त्यांनी उजवी बाजू तळहाताने झाकली, मग डावी झाकली. मग खदखदून हसायला लागल्या. दोन्ही अर्धे हसले.

"हाच काढ रे," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "आणि ते समोरचे दिवे लाव, मला दिसत नाहीये तुझं तोंड."

त्याने दिवे लावले. इस्त्रीचा निळा डगला, हातात पाना, आणि तो दोन भागांतला चेहरा, थेट समोर बघणारा. त्याने कॅमेऱ्यात परत परत बघितलं. मग म्हणाला, "चहा आणतो," आणि स्वतः गेला.

दुपार कलताना आम्ही दोघी संपादकबाईंच्या खोलीत उभ्या होतो, मागे फोटोवाला आणि मदतनीस मुलगी. संध्याकाळी पानं छपाईला जायची होती. टेबलावर तीन फोटो होते: गुलाबी जाकिटातला, फोटोवाल्याने कंप्युटरवर काळा केलेला 'आधी', कारण बाईंनी तसा हुकूम सोडला होता, आणि तो अर्धा-अर्धा.

संपादकबाई दुष्ट नाहीत, हे मला सांगितलं पाहिजे. हुशार आहेत, झटणाऱ्या आहेत, आणि त्या कधी घरी जातात ते कोणाला माहीत नाही. त्यांनी तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "हा काय पोरखेळ आहे?"

"हा छापा," मी म्हटलं.

"क्रीमवाल्यांनी 'आधी-नंतर'ची दोन पानं विकत घेतली आहेत. तुझा पगार, याचा पगार, माझा पगार त्यातून निघतो. हे मासिक मी काढलं तेव्हा मी बायकांच्या हक्कांवर लिहायचे, माहीत आहे? आता मी दोन जाहिरातींच्या मधली जागा भरते. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"कळतं, तर मग बोलायला काय झालं?" माझा आवाज चढला. "मॅडम, ही पेटी. ही पेन्सिल." मी पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली. "ज्याला थकवा काढायचा आहे त्याने काढावा. मी यापुढे काढणार नाही. नोकरीवरून काढायचं असेल, तर आत्ता सांगा, मला ब्रश धुवायचे आहेत."

बाईंनी पेन्सिल उचलली. झिजून अंगठ्याएवढी उरली होती. त्या थोडा वेळ ती बोटांत फिरवत राहिल्या. पण मासिक चालवणारी बाई इतक्या लवकर विरघळत नाही. त्यांनी ती खाली ठेवली आणि काळवंडलेला फोटो पुढे ओढला. "हेच दोन जातील. परवानगी आहे आपल्याकडे."

"नाही," जाऊबाई म्हणाल्या आणि खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

मदतनीस मुलीचा चेहरा न रंगवताच 'आधी'चा झाला.

"आमच्यात काम झाल्यावर सही करतात," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "स्वतः चढून बघितल्यावर. मी बघितलं. या दोन फोटोंवर माझी सही नाही. त्या तिसऱ्यावर आहे, आणि मथळ्यातून रूप काढायचं. खाली लिहायचं, की दोन्ही डोळे एकाच पेटीतले आहेत."

संपादकबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी फोन उचलला, मालकांना लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. त्यांनी दोन वाक्यांत अडचण सांगितली. मालक लगेच तापले.

"अहो, कागदावर एक सही करायला तुम्हाला काय होतंय?" फोनमधून आवाज आला. "दोन फोटो आहेत, बायकांचं पान आहे, कोण एवढं बघतं? हे बघा, लेख आला नाही, तर मला पुढचं काही जमणार नाही. मला फोरमन हवाय, हट्टी माणूस नकोय. करून टाका सही."

ती जागा जाऊबाईंना किती हवी होती, ते मला ठाऊक होतं. घरी भाऊजींनी डगल्याच्या खिशावर लावायला 'फोरमन' अशी पट्टी शिवून लपवून ठेवली होती, तीही मला ठाऊक होती. सही केली असती, तर मी त्यांना एका शब्दाने बोलले नसते.

जाऊबाईंनी हातातला पाना पिशवीत ठेवला. मग टेबलावरच्या फोनकडे बघून बोलायला लागल्या, जणू मालक त्यातच बसले आहेत.

"साहेब, फोरमनला पगार कशाचा असतो? सहीचा. तुमच्या आई राहतात त्या इमारतीची लिफ्ट आपल्याकडेच आहे. उद्या माझी सही बघून त्या आत पाय टाकणार. आज तुम्ही दटावलं म्हणून मी न पटलेल्या कागदावर सही केली, तर उद्या दुसरं कोणी दटावेल आणि मी त्या लिफ्टच्या तक्त्यावरही करेन. तशी माणसं आहेत आपल्याकडे, त्यांना करा फोरमन. पण मग आईंना जिन्याने जायला सांगा."

फोनमध्ये कोणीतरी घसा खाकरला. मग फोन बंद झाला. हो नाही, नाही नाही, काही नाही.

जाऊबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "चल गं धाकटे," त्या म्हणाल्या. चेहरा अजून अर्धाच रंगवलेला होता आणि डाव्या बाजूला, रेघेच्या खाली, खरं पाणी उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

आम्ही दारापर्यंत पोहोचलो.

"थांबा," संपादकबाई म्हणाल्या. त्या जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, फोटोकडे नाही. मग त्यांनी काळवंडलेला फोटो उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "खाली काय लिहायचं ते नीट सांग," त्या मला म्हणाल्या, "आणि लवकर सांग, पानं जायची आहेत. क्रीमवाल्यांच्या शिव्या मी खाते. मला सवय आहे."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. 'उजवा डोळा आम्ही सकाळी रंगवला, डावा दुपारी. दोन्ही रंग आमच्याच पेटीतले. बाई सकाळपासून तीच आहे, आणि ती लिफ्ट दुरुस्त करते.' बाईंनी एकही शब्द बदलला नाही, आणि त्या शब्द न बदलता काही जाऊ देत नाहीत. जाऊबाईंनी पान वाचलं, परत वाचलं, आणि मग टेबलावर कागद ठेवून, उभ्याउभ्याच, सही केली.

अंक आला. क्रीमवाल्यांनी आरडाओरडा केला आणि पुढच्या महिन्याची जाहिरात काढून घेतली. मागच्या कव्हरवर संपादकबाईंनी सायकलची छापली. माझी नोकरी राहिली. पुढच्या महिन्याच्या बाईने फोनवरच विचारलं, "माझा आधीचा फोटो आधीच काढाल ना?" आणि मी हो म्हटलं. आता आमच्याकडे बाई आली, की पहिल्यांदा चहा देतात.

पण मालकांकडून काही नाही. जाऊबाई रोज कामावर जायच्या, रोज यायच्या. मी संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, त्या भाजीकडे बघायच्या. भाऊजी इस्त्री करताना गप्प असायचे. विचारायची माझी छाती होत नव्हती. एकदा मी धीर करून म्हटलं, "वहिनी, काही कळलं का?" त्या म्हणाल्या, "जेव." त्यावरून मी काय ते समजले आणि रात्री उशिरापर्यंत मालकांना मनातल्या मनात शिव्या देत राहिले.

मग एका सकाळी मी ऑफिसात पोहोचले. पेटी खांद्याला, जिन्याकडे वळणार, तर लिफ्टचं दार उघडं होतं आणि आतला दिवा नीट पेटलेला. एरवी तो फडफडायचा. मी आत डोकावले. आरसा पुसलेला होता. जुना, पिवळा पडलेला तक्ता काढून तिथे नवीन लावला होता, शाई अजून चकाकत होती. 'स्वतः चढून तपासले' असं छापलेलं, त्याखाली 'फोरमन', आणि त्यापुढे ती सही, आमच्या कागदावर केली होती तीच, शेवटचं अक्षर जरा वर उडालेलं.

घरी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. अर्थात. आधी चढून बघणार, मग सांगणार.

मी तिथेच उभी राहून रडले, आणि रडताना मला आरशात माझा चेहरा दिसला. डोळ्यांखाली काळं होतं, जिने चढून आणि काळजी करून आलेलं, माझं स्वतःचं. मी ते तसंच ठेवलं. मग मी आत पाय टाकला आणि या इमारतीत पहिल्यांदाच बटण दाबलं.